दप्तर आणि चौक : किलवणीहून पाहिलेले पिसुर्लेकरांचे इतिहासवाङ्मय

१

दमणगंगेच्या खोऱ्यात, सिल्वासाच्या परिसरात, किलवणी नावाचे गाव आहे. गाव म्हटले म्हणजे देशावरील वाचकाच्या डोळ्यांपुढे वेस, पार, देऊळ आणि दाटीने उभी असलेली घरे येतात. इकडील गाव तसे नसते. ते पाड्यापाड्यांनी विखुरलेले असते आणि अशा काही गावांचा मिळून एक ‘पटेलाद’ होतो. किलवणी हा त्या पटेलादांपैकी एक. येथील वस्ती मुख्यतः वारली, कोकणा आणि धोडिया या आदिवासी समाजांची आहे. त्यांच्या बोलींत मराठीचे आणि गुजरातीचे रंग इतके मिसळलेले आहेत की, भाषेची सीमारेषा नकाशावर ओढणारास येथे हात थांबवावा लागेल.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या गावाचे नाव आढळणार नाही. तथापि ज्या मुलखात ते वसले आहे त्या नगर-हवेलीचे भवितव्य दोनदा मराठी कागदांवर अवलंबून राहिले. एकदा १७७९ साली, पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला तेव्हा; आणि दुसऱ्यांदा १९६० साली, हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने त्याच तहातील शब्दांचा अर्थ लावला तेव्हा. मधल्या सुमारे १८० वर्षांत किलवणीच्या माणसाने काय भोगले, काय गाइले आणि काय रेखाटले, हे त्या कागदांत नाही. कागदात काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न मनात धरून डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर यांच्या ग्रंथसंभाराकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मराठे व पोर्तुगीज यांच्या संबंधांचा विषय निघाला की पिसुर्लेकरांवाचून पुढे जाता येत नाही. आणि त्यांच्या वाङ्मयाची थोरवी व मर्यादा या दोन्ही गोष्टी किलवणीसारख्या ठिकाणाहून पाहिल्या असता अधिक स्पष्ट दिसतात.

२

पिसुर्लेकरांचा जन्म ३० मे १८९४ रोजी गोव्यातील सत्तरी महालातल्या पिसुर्ले या गावी झाला. सत्तरी हा ‘नव्या काबिजाती’चा प्रदेश. जुन्या काबिजातीत सोळाव्या शतकापासून जे धर्मांतर आणि जी देवळांची मोडतोड झाली, तिची झळ या भागास त्या प्रमाणात लागली नव्हती. त्यामुळे पोर्तुगीज सत्तेखाली असूनही तेथील हिंदू घरांत पोथ्या, कीर्तने, मोडी अक्षर आणि मराठी पत्रव्यवहार टिकून राहिला होता. पिसुर्लेकर या संस्कारात वाढले. पोर्तुगीज भाषा त्यांनी मागाहून हस्तगत केली, आणि तीही अशी की पुढे त्यांचे बहुतेक महत्त्वाचे ग्रंथ त्याच भाषेत प्रसिद्ध झाले. इतिहासाचा त्यांचा व्यासंग बहुतांशी स्वयंशिक्षणाने सिद्ध झालेला होता.

१९३० च्या सुमारास गोव्याच्या सरकारी दप्तरखान्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि पोर्तुगीज राजवट संपेपर्यंत, म्हणजे १९६१ पर्यंत, हे दप्तरच त्यांची कर्मभूमी होते. या दप्तरखान्याची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. प्रसिद्ध इतिहासकार दियोगु दु कोउतु हा त्याचा पहिला रक्षक. साडेतीनशे वर्षांचे कागद तेथे साचले होते. दमट हवा, वाळवी आणि उपेक्षा या तीन शत्रूंशी झगडत त्या कागदांची व्यवस्था लावणे, हेच एका आयुष्यास पुरेल असे काम होते. पिसुर्लेकरांनी ते केले. शिवाय त्या कागदांचे संपादन केले, आणि त्यांतून इतिहासही लिहिला. व्यवस्थापक, संपादक आणि इतिहासकार ही तीन कामे सहसा तीन माणसे करतात. येथे ती एका माणसाने केली, आणि कोणत्याही कामाची दुसऱ्यास बाधा होऊ दिली नाही.

३

त्यांच्या लेखनाचा पट विस्तृत आहे. दप्तरात काय आहे आणि ते कोठे शोधावे, हे सांगणारी ‘रोतैरु’ ही मार्गदर्शिका त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. वाटाड्याचे हे काम वरवर रुक्ष दिसते. पण जो संशोधक प्रथमच त्या दप्तरात पाऊल टाकतो त्याला तिचे मोल कळते. १९५१ साली त्यांनी पोर्तुगीज किल्ल्यांच्या व्यवस्थेचे आणि खर्चाचे नियम सांगणारे जुने दस्तऐवज संपादून प्रसिद्ध केले. किल्ल्यावर किती शिपाई, किती दुभाषे, कोणास किती वेतन, दिवाबत्तीस किती तेल, असल्या नोंदींतून सत्तेचे रोजचे जिणे उलगडते. राजांच्या लढायांत रमणाऱ्या आपल्या इतिहासाला या नोंदींची फार गरज होती.

त्यांच्या संपादनकार्याचा कळस म्हणजे गोव्याच्या राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड. १६१८ ते १७५० या काळात विजरई आणि त्याचे सल्लागार एकत्र बसून जे निर्णय घेत त्यांची ही टिपणे १९५३ ते १९५७ या वर्षांत प्रसिद्ध झाली. मराठ्यांच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व असे की, शत्रूच्या खलबतखान्यात आपल्याविषयी काय बोलले जात होते ते येथे तारीखवार समजते. १६८३ साली संभाजी महाराजांनी गोव्यावर चाल केली, तेव्हा राजधानीत केवढी धांदल उडाली होती. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा गोवेकर फिरंग्यांच्या तिजोरीची आणि मनाची काय अवस्था होती. हे आपल्या बखरींतून कळणे शक्य नव्हते. बखरकाराला विजय ठाऊक असतो, पण पराजिताच्या घरचा हिशेब ठाऊक नसतो. पिसुर्लेकरांनी तो हिशेब आपल्या पुढ्यात आणून ठेवला.

‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा त्यांचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केला. या विषयावर ते १९२० नंतरच्या दशकापासून पोर्तुगीजमध्ये लिहीत आले होते. चार दशकांचे ते चिंतन मातृभाषेत उतरले तेव्हा त्यांच्या आयुष्याची दोनच वर्षे उरली होती. १० जुलै १९६९ रोजी ते निवर्तले. १९७५ साली त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद महाराष्ट्रातच प्रसिद्ध झाला.

राजकीय इतिहासाबरोबर संस्कृतीच्या इतिहासाकडेही त्यांची दृष्टी होती. गोव्यात छापल्या गेलेल्या पहिल्या मराठी पुस्तकांविषयी त्यांनी स्वतंत्र लेखन केले आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला आणि फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली तेथे छापले गेले, या गोष्टी आता शालेय पुस्तकांतही आढळतात. परंतु मराठी भाषा छापखान्यात प्रथम शिरली ती रोमन लिपीत, परधर्मीयांच्या हस्ते आणि धर्मप्रसारासाठी, या घटनेचा अर्थ अभिमानाने किंवा संतापाने लागत नाही. तो कागदाने लागतो. पिसुर्लेकरांची वृत्ती ही अशी होती. जे सापडले ते सांगावे, जे सापडले नाही ते रचू नये. ललित लेखकाच्या अंगची शैली त्यांच्याजवळ नव्हती आणि तिची त्यांना आवश्यकताही वाटली नाही.

४

या सर्व ग्रंथांत किलवणीच्या दृष्टीने सर्वांत बोलका ग्रंथ म्हणजे १९५२ साली प्रसिद्ध झालेला, पोर्तुगीज राजनीतीच्या हिंदी हस्तकांविषयीचा. हिंदू, मुसलमान, यहुदी आणि पारशी असे चार समाज त्याच्या नावातच आले आहेत. पोर्तुगीज सत्ता गोव्यात तलवारीच्या आणि क्रुसाच्या बळावर उभी राहिली, ही सर्वश्रुत गोष्ट आहे. परंतु ती साडेचारशे वर्षे टिकली कशी, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या ग्रंथात मिळते. आदिलशाही दरबारात, मोगलांकडे, पुण्यास पेशव्यांकडे फिरंग्यांच्या वतीने जे बोलत असत ते पुष्कळदा याच देशाचे लोक होते. एका बाजूस हिंदूंच्या सण-संस्कारांवर निर्बंध घालणारे सरकार दुसऱ्या बाजूस आपल्या अत्यंत नाजूक वाटाघाटी हिंदू शेणव्यांच्या हाती सोपवीत होते. धर्माच्या नावाने चाललेली राजवट व्यवहारात माणसांच्या भाषेवर आणि हुशारीवर किती अवलंबून असते, हे पिसुर्लेकरांनी कोणताही सिद्धान्त न मांडता केवळ पत्रांनी दाखवून दिले.

पुण्यास पोर्तुगीजांचा वकील म्हणून वावरणारे नारायण शेणवी धुमे हे त्या परंपरेतील. १७७९ च्या तहाच्या वाटाघाटी त्यांच्या काळात झाल्या. त्या वेळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. इंग्रजांशी मराठ्यांचे पहिले युद्ध चालू होते. त्याच वर्षी जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांना मान तुकवावी लागली होती, तरी युद्ध संपले नव्हते. सवाई माधवराव पाच वर्षांचे बालक आणि कारभार नाना फडणीसांच्या हाती. अशा प्रसंगी पश्चिम किनाऱ्यावरील दुसरी युरोपीय सत्ता इंग्रजांच्या पक्षास जाऊ नये, हा पुणे दरबाराचा हेतू उघड आहे. १७७२ साली मराठी आरमाराने पकडलेल्या ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाच्या भरपाईशीही या तहाचा संबंध जोडला जातो. १७ डिसेंबर १७७९ चा हा तह. त्याच्या सतराव्या कलमात दमणच्या बाजूस वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस देण्याचे कबूल केले आहे. प्रत्यक्ष गावे हाती पडण्यास १७८३ साल उजाडावे लागले. मधल्या काळात सालबाईचा तह होऊन युद्धाची निकड संपली होती, आणि निकड संपल्यावर दिलेला शब्द पाळण्यास दरबारे उतावीळ नसतात. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी नगर-हवेली आणि दादरा हे दोन टापू पोर्तुगीजांकडे गेले.

‘हवेली’ हा शब्दही महसुलाचाच आहे. ठाण्याच्या आसपासची गावे जुन्या कारभारात हवेली म्हणून ओळखली जात. पुण्याच्या हवेली तालुक्यात तो शब्द अजून जिवंत आहे. परंपरेने ७२ गावांचा म्हणून ओळखला जाणारा हा टापू पूर्वी रामनगरच्या राजाच्या सत्तेखाली होता. याच राजाला दमणचे पोर्तुगीज आपल्या गावांबद्दल चौथ देत असत. शिवाजी महाराजांनी १६७२ साली रामनगर जिंकले आणि त्या चौथाईचा हक्क सांगितला. मराठी राज्याच्या विस्तारात जो शब्द पुढे हिंदुस्थानभर दुमदुमला त्याचा एक उगम या जंगलाच्या कडेस सापडतो, ही गोष्ट पोर्तुगीज कागदांच्या अभ्यासाने दृढ झाली. पण चौथ दमणच्या फिरंग्याने दिली म्हणजे ती कोणाच्या कोठारातून निघाली, हे त्या पत्रांत लिहिलेले नसते.

आता या व्यवहाराचे चित्र पाहावे. पुण्यास मराठी बोलणारा कारभारी. त्याच्यासमोर पोर्तुगालच्या वतीने बसलेला, मराठी जाणणारा गोमंतकीय वकील. दोघांमध्ये मराठी मसुदा. त्या मसुद्यात किलवणीचा वारली एका आकड्याच्या रूपाने हजर आहे. बारा हजारांपैकी काही रुपये म्हणजे तो. त्याला कोणी विचारले नाही, आणि त्या काळी कोणाला विचारण्याचा प्रघातही नव्हता. पिसुर्लेकरांचा ग्रंथ आपल्याला त्या खोलीच्या दारापर्यंत नेतो. आतले बोलणे ऐकवतो. ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते ते मात्र त्या खोलीत नव्हतेच, तर इतिहासकार त्यांना कोठून आणील?

५

जुलै १९५४ मध्ये या मुलखाचा इतिहास एकाएकी वेगाने धावू लागला. २१ जुलैच्या रात्री दादरा मुक्त झाले, २८ जुलैस नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्या संग्रामात निरनिराळ्या मतांचे लोक होते: गोमंतकीयांची संघटना, आझाद गोमंतक दलाचे तरुण, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक, आणि ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये काम केलेले कम्युनिस्ट कार्यकर्ते. महाराष्ट्राच्या कलाजीवनाशी या प्रसंगाचा दुवा असा की, सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे हे दोघेही या लढ्यात सामील झाले होते. पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो ११ ऑगस्टला उधवा येथे शरण आला. नंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला.

दरम्यान पोर्तुगालने २२ डिसेंबर १९५५ रोजी हेग येथे दावा लावला होता. दमणहून या टापूंकडे जाण्याचा हक्क भारताने अडवला, अशी त्याची तक्रार होती. हा हक्क सिद्ध करण्यासाठी मुळात या गावांवर पोर्तुगालचे सार्वभौमत्व होते हे दाखवणे आवश्यक होते, आणि त्यासाठी १७७९ चा तह आणि त्यानंतरच्या सनदा न्यायालयापुढे आल्या. एक विलक्षण दृश्य उभे राहिले. जगाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर निरनिराळ्या देशांचे न्यायमूर्ती अठराव्या शतकातील मराठी शब्दांचा अर्थ चर्चू लागले. कलमाच्या पोर्तुगीज आणि मराठी पाठांची व त्यांच्या भाषांतरांची छाननी झाली. भारताच्या वतीने नेमलेले न्यायमूर्ती मुंबईचे मु. क. छागला होते, बाकीच्यांना मराठीचा गंधही असण्याचे कारण नव्हते.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिले ते सार्वभौमत्व नव्हे, महसूल घेण्याचा अधिकार होता. सनदांतील शब्द जहागीर अथवा सरंजाम या जातीचे आहेत, असे न्यायालयाने मानले. सरंजाम म्हणजे काय हे पेशवाईच्या कोणत्याही अभ्यासकाला सांगावे लागत नाही. सरंजाम सेवेच्या बदल्यात मिळतो, धन्याच्या मर्जीने चालतो, आणि मुलखाचे धनीपण त्याने हस्तांतरित होत नाही. मराठी शब्दाचा योग्य अर्थ हेगला लागला, याचा मराठी अभ्यासकास संतोष वाटणे साहजिक आहे. तथापि निकाल तेवढ्यावर थांबला नाही. मराठ्यांच्या जागी इंग्रज आल्यावर त्यांनी या गावांवरील पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केली, आणि पुढे भारतानेही ती मूकपणे चालू दिली, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे सरंजामाचे धनीपण झाले ते कोणत्याही नव्या कागदाने नव्हे; दीर्घ मौनाने झाले. शेवटी सामान्य प्रवासी, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यापुरता तो नव्हता. आणि भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असा निर्णय झाला.

या प्रकरणातून इतिहासलेखनास दोन धडे मिळतात. पहिला असा की, दप्तर हे मृत वस्तूंचे कोठार नाही. पिसुर्लेकरांसारखा माणूस ज्या कागदांवरील धूळ झटकतो त्यांवर उद्या एखाद्या मुलखाचा निकाल लागू शकतो. त्यांचे स्थान येथे मोठे अवघड होते हेही ध्यानात घेतले पाहिजे. ते ज्या सरकारचे नोकर होते तेच या दाव्यातील वादी होते. ज्या भाषेत ते वाढले ती प्रतिपक्षाच्या पुराव्याची भाषा होती. अशा स्थितीत असलेल्या संशोधकास दोन मोह होतात: धन्यास रुचेल ते लिहिण्याचा, किंवा आपल्यांस रुचेल ते लिहिण्याचा. पिसुर्लेकरांनी मूळ कागदच छापून ठेवण्यावर आयुष्यभर जो भर दिला, तो या दोन्ही मोहांवरील उतारा होता असे मला वाटते. छापलेला मूळ दस्तऐवज कोणाच्याच बाजूचा राहत नाही. तो वाचणाराच्या प्रामाणिकपणावर सोपवलेला असतो.

दुसरा धडा कडू आहे. ‘सरंजामच दिला होता, राज्य दिले नव्हते’ हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने बरोबर होता आणि आपल्या हिताचाही होता. पण किलवणीच्या पाड्यावरून तो ऐकला तर कसा वाटेल? राज्य दिले काय किंवा उत्पन्न दिले काय, ज्याच्या घामातून ते उत्पन्न निघायचे त्याच्या दृष्टीने फरक कोणता? आपण मराठी इतिहासाचे अभ्यासक फिरंग्यांच्या दप्तराकडे बोट दाखवताना आपल्या दप्तरातही तोच माणूस आकडा होऊन पडला आहे, हे विसरतो.

६

तो आकडा पुढे कसा जगला, याच्या खुणा जमिनीच्या कायद्यांत सापडतात. १९१९ साली पोर्तुगीजांनी नगर-हवेलीसाठी शेतजमिनीची नवी व्यवस्था केली. तिच्याखाली ‘आल्वारा’ या नावाच्या पट्ट्यांनी मोठमोठ्या जमिनी धनिकांच्या हाती गेल्या. हे आल्वारे आणि तत्सम हक्क रद्द करणारा जमीनसुधारणेचा कायदा झाला तो १९७१ साली, विलीनीकरणास दहा वर्षे उलटल्यावर. शेजारच्या तलासरी-डहाणू भागात तर परकीय सत्ता इंग्रजांची होती आणि जमीनदार-सावकार एतद्देशीय होते. तरी वारल्याच्या नशिबी वेठच होती. १९४५ साली त्या वेठीविरुद्ध वारली उठले आणि त्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात सांगितली. सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच समाज, एकच बोली, आणि जवळजवळ एकच दुःख. धनी मात्र निरनिराळ्या भाषा बोलत होते.

गोदावरीबाईंचे पुस्तक आणि पिसुर्लेकरांचे पाच खंड एकाच फळीवर ठेवण्याची आपल्या ग्रंथालयांत रीत नाही. एक चळवळीचे, दुसरे संशोधनाचे; एक आठवणींचे, दुसरे अस्सल साधनांचे. परंतु नगर-हवेलीचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे त्याला ही दोन्ही हवीत. त्याला के. ज. सावे यांचा वारल्यांविषयीचा १९४५ चा इंग्रजी ग्रंथ हवा. लोकसाहित्याला शास्त्राची बैठक देणाऱ्या दुर्गाबाई भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ही हवी. आणि याखेरीज त्याला एक असे साधन हवे की जे कोणत्याच फळीवर ठेवता येत नाही.

ते साधन म्हणजे लग्नाचा चौक. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात. बांबूची काडी हीच त्यांची लेखणी. मध्यभागी पालघट देवी असते. भोवती झाडे, पाखरे, नांगर, तारप्याच्या नादावर फेर धरलेली माणसे. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणी गाऊन विधी पार पाडणारी स्त्री. ती गात असते आणि चौक पुरा होत असतो. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली आणि जगाच्या नजरेत भरली. जिव्या सोमा मशे यांच्यासारखा पुरुष चित्रकार त्यातून उदयास आला आणि २०११ साली पद्मश्रीचा मानकरी झाला. १९८८ साली यशोधरा दालमिया यांनी या चित्रसृष्टीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

इतिहासाचा विद्यार्थी या चौकाकडे साधन म्हणून पाहू लागला की त्याला अडचण पडते. चौकाला तारीख नाही, सही नाही, शिक्का नाही. भिंत पुन्हा सारवली की तो नाहीसा होतो. पिसुर्लेकरांच्या पद्धतीत अशा पुराव्याला स्थान मिळणे कठीण होते आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. त्यांनी जे काम पत्करले होते त्याची शिस्तच निराळी होती. पण चौकात जे आहे ते दप्तरात नाही, हे मान्य केले पाहिजे. दप्तरात जमीन म्हणजे उत्पन्न. चौकात जमीन म्हणजे कणसरी, धान्याची देवता. दप्तरात जंगल म्हणजे इमारती लाकूड. चौकात झाड हे माणसाएवढेच, किंबहुना माणसाहून मोठे. चौकात राजाला जागा नाही, मग तो पुण्याचा असो की लिस्बनचा. बारा हजार रुपयांच्या बाजूने विचार करणाऱ्या सगळ्या सत्तांना या समाजाने दिलेले ते मूक उत्तर आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. मी तो आवरतो; कारण लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बाईच्या मनात राजांचा विचार असेलच असे नाही, आणि जे तिच्या मनात नाही ते तिच्या भिंतीवर वाचणे हा एक नव्या प्रकारचा सरंजामच होय.

७

मग करावे काय? पिसुर्लेकरांनी एक वाट दाखवली आहे. त्यांनी दोन्ही पक्षांचे कागद समोरासमोर ठेवले आणि मराठ्यांच्या इतिहासातील एकतर्फी कथन संपवले. त्यांच्या आधी मराठे-पोर्तुगीज संबंध म्हणजे एकतर आपल्या पराक्रमाचे वर्णन, नाहीतर त्यांच्या धर्मवीरांचे. त्यांच्या नंतर तसे लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरले. हीच पद्धत आणखी एक पाऊल पुढे न्यावयाची आहे. पक्ष दोन नव्हते, तीन होते. तिसऱ्या पक्षाने कागद ठेवले नाहीत, पण गाणी ठेवली, गावांची आणि शेतांची नावे ठेवली, देवांच्या जागा ठेवल्या, भाषेत शब्द ठेवले. किलवणी पटेलादातील एखाद्या पाड्यावर ‘वेठ’, ‘खंड’, ‘पटेल’ हे शब्द कोणत्या अर्थाने उच्चारले जातात, धवलेरीच्या गाण्यात सावकार येतो की नाही, आला तर कोणत्या रूपाने, याची नोंद पिसुर्लेकरांच्याच काटेकोरपणाने झाली पाहिजे. ऐकलेले तसेच लिहावे, गाणाराचे गाव आणि वेळ लिहावी, अर्थ लावण्याची घाई करू नये.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. २६ जानेवारी २०२० रोजी दादरा-नगर-हवेली हा प्रदेश दीव-दमणशी जोडला गेला. ज्या दमणकडून या गावांकडे येण्याच्या वाटेसाठी हेगपर्यंत भांडण गेले त्याच दमणशी आता त्याचा कारभार एक झाला आहे. इतिहासाची ही वळणे सरकारी पत्रांत नोंदली जातातच. त्यांची चिंता करावी लागत नाही. सिल्वासाच्या आसपास कारखाने उभे राहिले, त्यांच्यामागोमाग दूरदूरच्या प्रांतांतून माणसे आली आणि पाड्यावरची मुले तीन-तीन भाषांत शाळा शिकू लागली. त्यात खेद करण्यासारखे काही नाही. परंतु ज्या बोलीत आजी गाते त्या बोलीत नात उत्तर देईनाशी झाली की एक दप्तर कायमचे बंद होते, आणि त्या दप्तराला मार्गदर्शिका लिहिणारा कोणी पिसुर्लेकर मागाहून जन्मला तरी त्याचा उपयोग होत नाही.

पिसुर्ले हेही एका काळी एका तहाच्या, एका स्वारीच्या, एका आकड्याच्या हिशेबातले गाव होते. तेथल्या एका मुलाने परक्या धन्याची भाषा शिकून त्याचेच दप्तर उघडले, आणि आपल्या व त्याच्या दोघांच्याही इतिहासाला खरे बोलावयास लावले. किलवणीच्या पाड्यावरचे एखादे मूल आज शाळेत मराठी, गुजराती किंवा हिंदी शिकत असेल. त्याच्या हाती उद्या पुण्याचे दप्तर येईल, पणजीचे येईल आणि घरच्या भिंतीवरचा चौक तर जन्मापासून त्याच्या डोळ्यांसमोर आहेच. नगर-हवेलीचा इतिहास त्याने लिहावा. तोवर आपण करण्यासारखे काम एवढेच की, त्याला लागणारी साधने शाबूत राहतील असे पाहावे.